पोटात लागत नाय

भावेश तांडेल डिकी उघडून म्हणाला,
"आवाज येतंय, पन पोटात लागत नाय."

कुर्ला, सीएसटी रोड. दुपारचे तीन.
समोर जुन्या बंपरांचा ढीग,
शेजारचा सीट कव्हरवाला शिलाई मशीनवर डुलतोय.
बारा इंचाचे दोन वूफर,
त्याच्या छातीएवढा ॲम्प्लिफायर.
आधीच्या दुकानदारानं सांगितलं होतं, आणखी मोठा घे.
आमच्या धंद्यात हे वाक्य
डॉक्टरच्या "टेस्ट करून घेऊ"सारखं.

मी आधी ऐकत नाही, आधी हात लावतो.
लतीफभाईंनी शिकवलेलं:
कान खुशामतखोर असतो, तळहात नसतो.
नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी काढली,
तारांची टोकं टेकवली.
पहिला कोन बाहेर आला, पुरी फुगते तसा.
दुसरा आत गेला.

झालं. एवढंच होतं.
एक हवा ढकलायचा, दुसरा ओढून घ्यायचा,
दोघंही घाम गाळत होते
आणि मधल्या मधे सगळं फुकट.
माझा नि थोरल्या भावाचा धंदा
सहा वर्षं असाच चालला.
ते असो.

लाल तार काळीच्या जागी, काळी लालच्या.
मग खोकं. सांध्याजवळ उदबत्ती फिरवली,
जिथं धूर थरथरला तिथं सिलिकॉन भरलं.
अर्थिंगचा नट रंगावरच आवळलेला;
पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला.
गेन वाढवला नाही, उलट उतरवला.
"कमी?"
म्हटलं, गप बघ.

चहाच्या ग्लासात वर्तुळं उठली.
सीट कव्हरवाला दचकून जागा झाला,
नंबरप्लेट मात्र दाताड वाजवत राहिली.
"लागलं पोटात?"
"लागला. पन..."

खिशातून फोन काढला.
बापसाच्या होरीचं इंजिन.
होरी विकली गेल्या साली, उत्तनच्या कुणाला.
ती निघाली त्या सकाळी
धक्क्यावर उभं राहून भरून घेतलेलं, चाळीस सेकंद.
"ह्यो वाजव. मोठ्यानं."

वाजवलं.
पत्र्याच्या डब्यात खडे. कावळा. बायकांचा कालवा.
कुणीतरी "दोरी सोर" म्हणतंय.
इंजिन नव्हतंच त्यात.
तो माझ्याकडे बघत राहिला,
जणू मीच ते कुठंतरी ठेवलंय.

फोनच्या माइकला तळ लागत नाही.
जे आत आलंच नाही
ते हजार वॉट तरी कुठून मोठं करणार?
हेच सांगितलं त्याला, दुकानाच्या आवाजात.
"बरा," म्हणाला,
आणि डिकीच्या काठावर बसला पाय खाली सोडून.

चहा सांगून विषय संपवता आला असता.
का कोण जाणे, टेस्टिंगचा सूर काढला.
नुसता एक सूर, ना गाणं, ना ठेका.
बटण सावकाश खाली आणत गेलो.
साठ. "नाय."
पन्नास. "ह्यो पिठाचे गिरनीचा."
चव्वेचाळीसला काही बोलला नाही.
अडतीसला तळहात पत्र्यावर ठेवला.
चौतीस.
"थांब."

सूर होता की नव्हता, सांगता येत नाही.
पत्रा होता, फुटपाथ होता, माझे गुडघे होते.
"जाली भरून परत येताना असाच," तो म्हणाला.
"मी खाली फल्यांवर निजाचो."
आणि खरंच आडवा झाला,
त्या दोन वूफरांना पाठ लावून, बूट घालून,
भर बाजारात.
मी पाना घेऊन उगाचच
एक घट्ट बसलेला स्क्रू आवळत बसलो.

पैसे दिले. दोनशे कमी होते.
मोजून पुन्हा मोजले नाहीत.
गाडी सिग्नलपर्यंत गेली
तोवर नंबरप्लेट खडखडत ऐकू येत होती.
तिच्या मागं फेल्टची पट्टी लावायची राहूनच गेली.

प्लायवुडच्या उरल्या तुकड्यावर
सुताराच्या पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
तांडेल, ३४.
आलाच परत, तर शोधत बसायला नको.